हिमाच्या पायावरचे अरण्य

लेना नदीच्या पश्चिम तीरावर वसलेल्या याकुत्स्क या नगरात १८२८ साली शेर्गिन नावाच्या एका वखारीच्या कारभाऱ्याने पाण्यासाठी विहीर खणावयास घेतली. नदी जवळच होती, पण वर्षातील सहासात महिने तिच्यावर बर्फाचे जाड कवच चढलेले असे, आणि आवारातच गोडे पाणी लागले तर ती मोठीच सोय होणार होती. कुदळ मात्र जसजशी खाली जाऊ लागली तसतशी तिला प्रत्येक थरात पाण्याऐवजी दगडासारखी कठीण, गोठलेली जमीन लागत गेली. वर्षामागून वर्षे खोदकाम चालले. १८३७ साली ते थांबले तेव्हा विहीर ११६ मीटरांवर, म्हणजे दिल्लीच्या कुतुबमिनाराच्या उंचीच्या दीडपटीहून अधिक खोल गेली होती, आणि तरीही तळाशी पाण्याचा टिपूस नव्हता. पुढे १८४० नंतरच्या दशकात मिडेनडॉर्फ या निसर्गशास्त्रज्ञाने त्या विहिरीच्या भिंतींत ठिकठिकाणी तापमापक बसवून पाहिले. खाली जावे तसतशी थंडी थोडी थोडी कमी होत होती, पण अगदी तळालाही पारा शून्याच्या वर येत नव्हता. विहीर म्हणून ती खोदाई निष्फळ ठरली. परंतु सायबेरिया नावाच्या त्या अफाट मुलखाचे अंतरंग मनुष्याने पद्धतशीरपणे वाचले ते प्रथम त्या विहिरीच्या भिंतींवर.

उरल पर्वताच्या रांगांपासून प्रशांत महासागरापर्यंत आणि उत्तर ध्रुवीय सागरापासून कझाकस्तान, मंगोलिया व चीन यांच्या सरहद्दींपर्यंत पसरलेला हा प्रदेश सुमारे एक कोटी तीस लाख चौरस किलोमीटरांचा, म्हणजे आपल्या भारताच्या जवळजवळ चौपट एवढा आहे. आणि त्यात राहणारी माणसे मात्र आपल्या एकट्या महाराष्ट्राच्या लोकसंख्येच्या एकतृतीयांशाच्या आसपास. त्याचे नाव उच्चारताच आपल्या मनापुढे अखंड हिमवर्षावाचे, निर्जीव आणि उजाड असे जे चित्र उभे राहते, ते बहुतांशी चुकीचे आहे. पूर्व सायबेरियात बर्फ फारसा पडत नाही, तेथील उन्हाळा चांगला उष्ण असतो, आणि तेथील भूमीवर जगातील सर्वांत विस्तीर्ण अरण्यांपैकी एक उभे आहे. ज्या गोठलेल्या भूमीने शेर्गिनला पाणी नाकारले, तीच या अरण्याला पाणी पुरविते. ही गोष्ट उमगली म्हणजे सायबेरियाची सारी भूरचना आणि हवामान यांची संगती लागू लागते.

प्रथम या भूमीची ठेवण पाहू. उरलच्या पूर्वेस उतरल्यावर पश्चिम सायबेरियाचे मैदान लागते. पंचवीस लाख चौरस किलोमीटरांहून मोठे असलेले हे मैदान इतके सपाट आहे की ओब नदी आणि तिची उपनदी इर्तिश यांना समुद्राकडे जाण्यास पुरेसा उतारच मिळत नाही. पाणी रेंगाळते, पसरते, मुरते, आणि त्यातून व्हास्युगानसारखा, पन्नास हजार चौरस किलोमीटरांहून मोठा दलदलीचा प्रदेश निर्माण होतो. येनिसेई नदी ही या मैदानाची पूर्वेकडील हद्द. तिच्या डाव्या तीरावर सखल मैदान, तर उजव्या तीरावर मध्य सायबेरियाच्या पठाराचा चढ सुरू होतो. हे पठार लेना नदीपर्यंत पसरले आहे. आणि लेनाच्या पलीकडे व्हेर्खोयान्स्क, चेर्स्की यांसारख्या पर्वतरांगा एकामागून एक उभ्या राहतात. दक्षिणेस अल्ताई आणि सायान या पर्वतांची भिंत आहे. अल्ताईतील बेलुखा शिखर ४,५०६ मीटर उंच आहे. अशा रीतीने हा प्रदेश पश्चिमेला सखल, पूर्वेला व दक्षिणेला उंच आणि उत्तरेला ध्रुवीय समुद्राकडे पूर्णपणे उघडा आहे. दक्षिणेकडून उबदार वारा येण्याची वाट बंद, उत्तरेकडून थंडी येण्यास मात्र मज्जाव नाही, असा निसर्गाने तेथे बंदोबस्तच करून ठेवला आहे.

तथापि केवळ उत्तरेकडे असल्यामुळे सायबेरिया थंड आहे, असे म्हणणे पुरेसे नाही. नॉर्वेच्या किनाऱ्यावरील ट्रोंडहाइम हे बंदर आणि पूर्व सायबेरियातील ओयम्याकोन हे खेडे जवळजवळ एकाच अक्षांशावर, विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेत्रेसष्ट अंशांच्या किंचित अलीकडे आहेत. दोन्ही ठिकाणी सूर्य सारख्याच उंचीवर येतो, हिवाळ्यातील दिवसही सारखेच आखूड. पण ट्रोंडहाइमच्या जानेवारीचे सरासरी तापमान शून्याच्या जरासे खाली असते, तर ओयम्याकोनचे शून्याखाली ४६ अंशांच्या आसपास. हा जमीनअस्मानाचा फरक समुद्राने केला आहे. अटलांटिकचा उबदार प्रवाह नॉर्वेच्या किनाऱ्याला उन्हाळ्यात साठविलेली उष्णता हिवाळाभर पुरवीत राहतो. ओयम्याकोनपासून तो समुद्र हजारो किलोमीटर दूर, आणि जवळचे समुद्र एकतर गोठलेले, नाहीतर पर्वतांच्या पलीकडे. पाणी उष्णता जपून ठेवते, कोरडी जमीन ती एका रात्रीत उधळून टाकते. खंडाच्या गाभ्यातील भूमीला हिवाळ्यात मिळकत थोडी आणि खर्च अमर्याद, अशी ही उष्णतेची जमाखर्चाची वही आहे.

या जमाखर्चातूनच हवामानशास्त्रात प्रसिद्ध असलेला सायबेरियाचा प्रत्यावर्त निर्माण होतो. शरद ऋतूच्या अखेरीस भूमी निवू लागली की तिला टेकलेली हवाही निवते, आकसते, जड होते आणि तेथेच साचून राहते. समुद्रसपाटीवर हवेचा सरासरी भार १,०१३ मिलिबार मानतात. सायबेरियात तो हिवाळ्यात वारंवार १,०४० च्या वर जातो, आणि ३१ डिसेंबर १९६८ रोजी आगाता येथे तर १,०८३.८ मिलिबार इतकी नोंद झाली. जेथे हवा अशी वरून खाली दबत असते तेथे ढग टिकत नाहीत. आभाळ निरभ्र राहते, आणि निरभ्र आभाळाखाली भूमीची उरलीसुरली ऊबही अंतराळात निघून जाते. थंडीने हवा जड होते आणि जड हवेने थंडी वाढते, असे हे चक्र फेब्रुवारीपर्यंत चालू राहते. दऱ्याखोऱ्यांत तर गार हवा पाण्यासारखी उतारावरून खाली ओघळून तळाशी साठते. डोंगरमाथ्यावर थंडी सौम्य आणि खालच्या गावात कडाक्याची, असा उलटा प्रकार तेथे आठवडेच्या आठवडे टिकतो. १८९२ च्या फेब्रुवारीत व्हेर्खोयान्स्क येथे शून्याखाली ६७.८ अंश आणि १९३३ च्या फेब्रुवारीत ओयम्याकोन येथे शून्याखाली ६७.७ अंश अशा ज्या नोंदी झाल्या, त्या अशाच खोऱ्यांतील. त्या थंडीत वारा जवळजवळ नसतो. मनुष्याचा श्वास बाहेर पडताच गोठतो आणि त्याच्या बारीक कणांची सळसळ कानांना ऐकू येते. तिला तेथील साखा लोक ताऱ्यांची कुजबुज म्हणतात.

ही साचलेली गार हवा कडेकडेने बाहेर सांडते, चीन, कोरिया, जपान यांच्यावरून वाहत जाते, आणि म्हणूनच चीनच्या पूर्व भागाला आपल्या उत्तर हिंदुस्थानाच्याच अक्षांशावर असूनही कितीतरी कडक हिवाळा सोसावा लागतो. आपल्या बाजूला तिबेटचे पठार आणि हिमालय उभे आहेत. नाशिकच्या द्राक्षमळ्यांवर पौषातील एखाद्या पहाटे दहिवर गोठले तर ती वार्ता होते. उत्तरेची ती भिंत नसती तर आपली शेती, आपला पोशाख आणि आपली घरेही निराळी झाली असती.

पण सायबेरियाचे ऋतुचक्र केवळ हिवाळ्याने पुरे होत नाही. जी भूमी लवकर निवते ती लवकर तापतेही, आणि उन्हाळ्यात सूर्य तेथे दिवसाचे अठरा-वीस तास आणि ध्रुववृत्तापलीकडे तर अहोरात्र तळपत असतो. याकुत्स्कचे जानेवारीचे सरासरी तापमान शून्याखाली ३८ अंशांच्या आसपास, तर जुलैचे शून्यावर १९ ते २०. व्हेर्खोयान्स्क येथे २० जून २०२० रोजी पारा ३८ अंशांवर गेला. म्हणजे एकाच गावाने नोंदविलेल्या कमाल व किमान तापमानांत शंभर अंशांहून अधिक अंतर पडले. तीन महिन्यांच्या त्या उन्हाळ्यात गवत उंच वाढते, फुले फुलतात, डासांचे थवे उठतात, आणि साखा शेतकरी पुढच्या दीर्घ हिवाळ्यासाठी गवताच्या गंजी रचण्यात गुंतलेला असतो.

येथे एक कोडे उभे राहते. याकुत्स्कला वर्षभरात पाऊस व बर्फ मिळून सुमारे २४० मिलिमीटर पाणी पडते. आपल्याकडे माणदेश हा अवर्षणाचा मुलूख समजतात; तेथेही याहून पुष्कळ अधिक पाऊस पडतो. इतक्या थोड्या पाण्यावर एखाद्या उष्ण देशात खुरटी झुडपे आणि वाळू यांखेरीज काही दिसले नसते. मग याकुत्स्कच्या सभोवार क्षितिजापर्यंत पसरलेले तैगाचे अरण्य कशावर जगते? याचे उत्तर शेर्गिनच्या विहिरीत आहे. तेथील जमीन वरच्या एकदोन मीटरांपुरतीच उन्हाळ्यात वितळते. त्याखाली ती वर्षानुवर्षे, युगानुयुगे गोठलेलीच असते. याकुत्स्कच्या परिसरात ही चिरगोठित भूमी शेकडो मीटर खोल आहे, आणि याकुत्स्क ज्यात आहे त्या याकुतिया प्रांताच्या उत्तर भागात तिची खोली दीड हजार मीटरांच्या घरात जाते. वितळलेल्या बर्फाचे आणि पावसाचे पाणी या कठीण तळाखाली झिरपू शकत नाही. ते मुळांच्या आवाक्यातच अडून राहते. साठवण तलावाच्या तळाला चिकणमातीचा थर द्यावा, तसा हा हिमाचा थर निसर्गाने सबंध देशाखाली अंथरला आहे.

या व्यवस्थेला अनुरूप असे झाडही तेथे आहे. ते लार्च होय. सूचिपर्णी वृक्ष बारमाही हिरवे असतात हा सर्वसाधारण नियम. पण लार्च शरदात सोनेरी होऊन आपल्या सर्व सुया गाळून टाकतो आणि उघड्या फांद्यांनी हिवाळा काढतो. त्याची मुळे खोल जात नाहीत, बाजूला पसरतात, कारण खाली जाण्यास वावच नसतो. आणि हा संबंध एकतर्फी नाही. झाडांची सावली आणि त्यांच्या पायथ्याचा शेवाळाचा गालिचा उन्हाळ्याच्या उन्हापासून खालच्या बर्फाचे रक्षण करतात. बर्फ झाडांना पाणी देतो, झाडे बर्फाला छाया देतात. हा करार मोडला म्हणजे काय होते हे व्हेर्खोयान्स्कपासून जवळच असलेल्या बातागाय येथे दिसते. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील एका उतारावरचे जंगल तोडले गेले. उघडी पडलेली जमीन उन्हाने वितळू लागली, खचू लागली, आणि आज तेथे सुमारे एक किलोमीटर लांबीचे प्रचंड विवर पडले असून त्याच्या कडा दरवर्षी मागे सरकत आहेत.

इतका खोल हिमाचा पाया येथेच का पडला, याचेही कारण मनोरम आहे. गेल्या हिमयुगात युरोप आणि उत्तर अमेरिका यांवर हिमाचे जाड थर चढले होते; पूर्व सायबेरियाच्या सखल भागावर मात्र ते फारसे चढले नाहीत, कारण ते साचण्याइतकी आर्द्रताच तेथवर पोहोचत नव्हती. पांघरूण नसलेल्या मनुष्याला थंडी जशी हाडांपर्यंत भिनते, तशी ती त्या उघड्या भूमीत खोल भिनत गेली. त्या कोरड्या गवताळ प्रदेशांत मॅमथांचे कळप चरत असत, आणि त्यांची कलेवरे केस व कातडीसकट त्या जमिनीने आजपर्यंत जपून ठेवली आहेत; १९०१ साली बेरेझोव्का नदीच्या काठी उत्खनन करून काढलेला मॅमथ याचे प्रसिद्ध उदाहरण. हिमयुग ओसरल्यावर काही ठिकाणी जमिनीतील बर्फ हळूहळू वितळला, वरची जमीन खचली आणि मध्ये तळे व भोवती कुरण असलेली उथळ खोलगट मैदाने तयार झाली. साखा लोक त्यांना अलास म्हणतात. त्यांची गुरे, त्यांचे केसाळ घोडे आणि त्यांचा सारा संसार या अलासांच्या आधाराने उभा राहिला. म्हणजे बर्फाचे वितळणे तेथे नवे नाही. परंतु ते सहस्रावधी वर्षांच्या संथ गतीने झाले, म्हणून त्यातून कुरणे निपजली.

आता नद्यांकडे वळू. ओब, येनिसेई आणि लेना या तिन्ही महानद्या दक्षिणेच्या डोंगरांत उगम पावून उत्तरेच्या गोठलेल्या समुद्राला मिळतात. लेना तर बैकल सरोवराच्या अगदी शेजारच्या डोंगरात उगम पावूनही त्याच्याकडे पाठ फिरविते आणि सुमारे ४,४०० किलोमीटर चालून जाते. या उत्तरवाहिनी स्वभावातूनच त्यांचे महापूर उद्भवतात. वसंत ऋतू दक्षिणेकडून येतो. उगमाकडचा बर्फ आधी फुटतो, मुखाकडचा अजून घट्ट असतो. पाणी आणि हिमखंड खाली लोटत येतात आणि पुढे वाट न मिळाल्याने हिमखंडांचा बांध तयार होतो. २००१ च्या मे महिन्यात लेनाकाठचे लेन्स्क हे शहर अशाच पुरात वाहून गेल्यासारखे झाले, आणि तो बर्फाचा बांध फोडण्यासाठी विमानांतून बॉम्ब टाकावे लागले. हिवाळ्यात मात्र याच नद्या राजमार्ग होतात. त्यांच्या गोठलेल्या पाठीवरून मालमोटारी धावतात, आणि उन्हाळ्यात दलदलीने तुटलेली गावे हिवाळ्यात एकमेकांना जोडली जातात.

इतिहासही या जलमार्गांनीच घडविला. महानद्या उत्तरेला वाहत असल्या तरी त्यांच्या उपनद्या पूर्व-पश्चिम पसरलेल्या आहेत, आणि एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात होड्या थोड्या अंतरावरून ओढून नेता येतात. येर्माकच्या कोसॅक टोळीने १५८० नंतर सिबिरच्या खानाचा पराभव केला. १६३२ मध्ये याकुत्स्कचे ठाणे बसले. आणि १६३९ मध्ये मॉस्कव्हितिनची तुकडी ओखोत्स्कच्या समुद्रावर, म्हणजे प्रशांत महासागराच्या किनाऱ्याला पोहोचली. साठ वर्षांच्या आत एवढा मुलूख झारच्या अंमलाखाली आला, त्यामागे सेबल या प्राण्याच्या मऊ कातड्याचा लोभ होता. तेथील जमातींकडून महसूल म्हणून हीच कातडी वसूल केली जात, आणि त्या वसुलीची फार मोठी किंमत त्या जमातींनी मोजली.

ज्या बैकलकडे लेना पाठ फिरविते, ते सरोवर या कोरड्या खंडातील एकाकी समुद्रच आहे. भूकवच ताणले जाऊन पडलेल्या खचदरीत सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी ते आकारास येऊ लागले. त्याची लांबी ६३६ किलोमीटर, कमाल खोली १,६४२ मीटर, आणि पृथ्वीच्या पृष्ठभागावरील न गोठलेल्या गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या त्यात आहे. शेकडो प्रवाह त्याला मिळतात, बाहेर पडते ती एकटी अंगारा. समुद्रापासून इतक्या दूर तेथे नेर्पा नावाचे सील राहतात. आणि समुद्राचे जे कार्य ट्रोंडहाइमला दिसले, तेच लहान प्रमाणात बैकल करते: भोवतालची भूमी नोव्हेंबरातच गोठते, सरोवर मात्र जानेवारीपर्यंत उन्हाळ्याची ऊब सोडीत राहते, आणि त्याच्या काठचा हिवाळा त्यामुळे सौम्य होतो. एकदा गोठले म्हणजे मात्र ते इतके पक्के गोठते की १९०४ साली रशिया-जपान युद्धाच्या धामधुमीत त्याच्या बर्फावर रेल्वेचे रूळ अंथरून डबे पलीकडे नेण्यात आले.

मध्य सायबेरियाच्या पठाराशी आपले एक जुने नाते आहे. येनिसेईच्या पूर्वेस पुतोराना पठारावर गेलेल्या महाराष्ट्रीय माणसाला समोरच्या काळ्या, पायऱ्यापायऱ्यांच्या कड्यांत सह्याद्रीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. दोन्ही ठिकाणचा पाषाण एकच, बेसाल्ट. दोन्ही ठिकाणी भूमीला पडलेल्या भेगांतून लाव्हा थरांवर थर असा पसरला. दख्खनचा लाव्हा सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा, सायबेरियाचा सुमारे पंचवीस कोटी वीस लाख वर्षांपूर्वीचा, आणि विस्ताराने कितीतरी मोठा. तो वर येताना भूगर्भातील कोळशाचे व क्षारांचे थर जाळीत आला; त्यातून निघालेल्या वायूंनी पृथ्वी तापली, सागरांतील प्राणवायू घटला, आणि सागरी जीवांच्या दहांतील आठांहून अधिक जाती नष्ट झाल्या. जीवसृष्टीच्या ज्ञात इतिहासातील तो सर्वांत मोठा संहार होय. सायबेरियाच्या भूमीत साठलेला कार्बन अल्पावधीत हवेत गेला तर काय होते, याची साक्ष त्या काळ्या कड्यांत नोंदलेली आहे.

ही साक्ष आज पुन्हा वाचण्याची वेळ आली आहे. उत्तर गोलार्धातील चिरगोठित भूमीत, कुजण्यापूर्वीच गोठलेल्या गवतामुळांच्या रूपाने, आजच्या वातावरणातील कार्बनाच्या जवळजवळ दुप्पट कार्बन साठलेला आहे, आणि त्याचा फार मोठा भाग सायबेरियात आहे. उत्तर ध्रुवाभोवतालचे प्रदेश उरलेल्या पृथ्वीपेक्षा कितीतरी वेगाने तापत आहेत. याकुत्स्कमधील इमारती गोठलेल्या जमिनीत रोवलेल्या खांबांवर, खाली हवा खेळती राहील अशा उभारतात, म्हणजे घराची ऊब जमिनीला लागू नये. पण जमीनच भुसभुशीत होऊ लागली की भिंतींना तडे जातात, रस्ते लाटांसारखे उंचसखल होतात आणि अरण्यातील झाडे तोल जाऊन वेडीवाकडी झुकतात. २०२१ च्या उन्हाळ्यात याकुतियात लक्षावधी हेक्टर अरण्य जळाले आणि त्याचा धूर उत्तर ध्रुवापर्यंत पोहोचला. जेथे झाड जळते तेथे सावली जाते, सावलीबरोबर शेवाळ सुकते, आणि उघड्या पडलेल्या बर्फाला मग कोणाचेच संरक्षण उरत नाही.

शेर्गिनची विहीर याकुत्स्कमध्ये अजून जतन करून ठेवलेली आहे. पाण्याच्या शोधात त्याने तिच्यातून टोपलीमागून टोपली गोठलेली माती वर काढून फेकली, आणि त्या मातीतच बर्फाच्या रूपाने ते पाणी होते, हे त्याला दिसणे शक्य नव्हते. त्या हिमाने मॅमथ जपले, अलासांची कुरणे दिली, माणदेशाहून कोरड्या आभाळाखाली लार्चचे अरण्य उभे ठेवले, आणि आपल्या सर्वांच्या वाट्याचा कार्बन सहस्रावधी वर्षे कुलूपबंद ठेवला. खाली गेले म्हणजे थंडी कमी होते, असे मिडेनडॉर्फच्या तापमापकांनी सांगितले होते. आता त्या भूमीला वरूनही ऊब लागत आहे, आणि त्या दोहोंच्या मध्ये किती हिम शिल्लक राहील, हे सायबेरियात न राहणाऱ्या आपणा कोट्यवधी माणसांच्या वर्तनावर ठरणार आहे.